मनोरुग्ण कोणाचा?

रविवारच्या मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या प्रार्थना होतात, तेव्हा आजाऱ्यांची नावे घेतली जातात. कोणाची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणाला अर्धांगवायूचा झटका आलेला असतो, कोणी कर्करोगाशी झुंजत असतो. नाव कानावर पडताच माना वळतात आणि दुपारपर्यंत त्या घरच्या ओट्यावर चार माणसे येऊन बसलेली असतात. कोणी पेज आणते, कोणी शहाळी आणते, कोणी रात्री इस्पितळात सोबतीला थांबण्याची तयारी दाखवते. या बाबतीत आपल्या धर्मग्रामांना नावे ठेवण्याजोगे फारसे काही नाही. परंतु इतकी वर्षे या प्रार्थना ऐकूनही, अमक्याच्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाला आहे, अमकीला बाळंतपणानंतर खोल नैराश्याने ग्रासले आहे, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या, असे वेदीजवळून सांगितलेले आम्हांला एकदाही आठवत नाही.

म्हणजे असे आजारी आपल्यात नाहीत असे थोडेच आहे! बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली देशभर जी पाहणी केली, तिच्यात दर शंभर प्रौढांपैकी दहा ते अकरा जण त्या घडीला कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्रस्त असल्याचे आढळले. त्यात सौम्य आणि तीव्र असे सगळेच विकार धरलेले आहेत हे खरे. तरीही दोन हजार प्रौढांच्या धर्मग्रामात ही संख्या दोनशेच्या घरात जाते. त्याच पाहणीने असेही नोंदवले की आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. मग हे दोनशे जण असतात कोठे? ते माडीवरच्या खोलीत असतात, मागच्या पडवीत असतात, 'मुंबईला मावशीकडे गेला आहे' या वाक्यात असतात. त्यांच्यासोबत त्यांची आईही असते, आणि बहुधा ती आईच असते.

अशा एका घराविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण त्या घराच्या गोष्टीत आमचाही वाटा आहे आणि तो भूषणावह नाही. ओळख पटेल असे काही येथे सांगणार नाही. मुलगा लहानपणी वेदीसेवक होता. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वागणे पालटले. तो रात्र रात्र जागू लागला, शेजारी आपल्याविषयी कुजबुजतात असे म्हणू लागला, कानात कोणी बोलते असे सांगू लागला. आई त्याला घेऊन रविवारी चर्चमध्ये येई आणि शेवटच्या बाकावर बसे. एके रविवारी प्रवचन चालू असताना तो उठून मोठ्याने बोलू लागला. आमच्यातल्या दोघांनी त्याला दंडाला धरून अगदी सौम्यपणे बाहेर नेले. आवाज चढला नाही, ओढाताण झाली नाही. मिस्सा संपल्यावर त्या दोघांच्या प्रसंगावधानाचे कौतुकही झाले. पुढच्या रविवारी तो बाक रिकामा होता. आई आठवड्यातल्या एखाद्या दिवशी पहाटेच्या मिस्साला एकटी येऊन मागच्या मागे निघून जाऊ लागली, आणि तिची अशी सोय झाली हे पाहून आम्हांला हायसे वाटले. आमचे पाप, पाप हा शब्द आम्ही जाणून वापरतो आहोत, त्या हायसे वाटण्यात होते. त्याला बाहेर नेणे कदाचित त्या क्षणी आवश्यकही असेल. परंतु बाहेर नेल्यावर त्याच्याजवळ पिंपळाखाली कोणी बसले नाही, संध्याकाळी त्याच्या घरी कोणी गेले नाही, आणि पुढची सहा वर्षे कोणी गेले नाही.

त्या सहा वर्षांत तो मुलगा कोणाचा होता? आईबाप म्हणत, आमचा आहे, आम्ही पाहू. आम्ही म्हणत होतो, त्यांचा आहे, ते पाहतील. नातेवाईक म्हणत होते, त्याला सरकारी इस्पितळात का ठेवत नाहीत? आणि शासकीय इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते, गोळ्या चालू ठेवा आणि याला घरी न्या, याची जागा घरी आहे. यातले प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर दिसते, आणि तरी सगळी एकत्र केली तर त्या मुलासाठी माडीवरची एक खोली तेवढी उरते. मनोरुग्ण कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला वैद्यकाच्या आधी नीतीचा वाटतो.

त्याला जोडून एक गैरसमज आधी दूर करावयास हवा. मनोविकार म्हणजे पापाची शिक्षा, बाहेरची बाधा, आईबापांच्या संस्कारांतले न्यून, असे आपल्यातले पुष्कळजण आजही मनातल्या मनात मानतात. तोंडाने कोणी म्हणत नाही, पण मुलीचे स्थळ पाहताना हे मत नेमके बाहेर येते. ज्यांना पवित्र शास्त्राचा आधार हवा असेल त्यांनी मार्ककृत शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. प्रभू येशूच्या भोवती लोकांची इतकी गर्दी झाली की त्याला जेवायलाही उसंत मिळेना. आणि त्याचे आप्त त्याला धरून नेण्यासाठी निघाले, कारण त्याचे भान हरपले आहे असे बोलले जात होते. ज्याला आपण प्रभू म्हणतो, त्याच्यावरही हा शिक्का एकदा बसला होता. हे वचन प्रवचनात क्वचितच ऐकू येते.

त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस भेटतो. कबरींमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा. त्याला अशुद्ध आत्म्याची बाधा होती असे शुभवर्तमान सांगते; आजचे वैद्यक त्याला काय म्हणेल, या वादात शिरण्याचे आम्हांला प्रयोजन नाही. आमचे लक्ष गावकऱ्यांकडे जाते. त्यांनी त्याला पूर्वी अनेकदा बेड्यांनी बांधून पाहिले होते. म्हणजे ते अगदीच निष्क्रिय नव्हते. त्यांनीही आपल्या परीने 'व्यवस्था' केलीच होती. पुढे तोच माणूस वस्त्रे नेसून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला त्यांनी पाहिला, तेव्हा ते आनंदले नाहीत. ते भ्याले आणि प्रभूला आपल्या हद्दीतून निघून जाण्याची विनंती करू लागले. वेडा माणूस कबरींत असला की गावाची घडी व्यवस्थित बसते. तो बरा होऊन वेशीपाशी आला की गावाला आपली घडी बदलावी लागते. बऱ्या झालेल्या माणसाने प्रभूबरोबर जाण्याची परवानगी मागितली. आमच्या मते हा त्या अध्यायातला सर्वांत करुण क्षण आहे, कारण या गावात आपल्याला पुन्हा कोणी घेणार नाही हे त्याने ओळखले असावे. प्रभूने त्याला सोबत घेतले नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांत जाण्यास सांगितले. ती आज्ञा एकट्या त्याला होती असे आम्हांला वाटत नाही. जो घरी पाठवला जातो त्याला घराचे दार उघडे लागते.

आता दार उघडणाऱ्या एका गावाविषयी सांगू. बेल्जियममध्ये अँटवर्प प्रांतात गेल नावाचे एक गाव आहे. संत डिम्फना ही तेथली संत. तेराव्या शतकात लिहिलेल्या तिच्या चरित्रानुसार ती सातव्या शतकातल्या एका आयरिश राजाची मुलगी. राणीच्या मृत्यूने राजाचे चित्त भ्रमले आणि आईसारखी दिसणाऱ्या आपल्या मुलीशीच लग्न करण्याचा हट्ट त्याने धरला. ती आपले धर्मगुरू गेरेबेर्नुस यांच्यासह समुद्रापार पळाली. गेलपाशी बापाने तिला गाठले आणि तिचा शिरच्छेद केला. कथेत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे अभ्यासकांनी ठरवावे. आम्हांला यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. कथेतला वेडा आहे तो तिचा मारेकरी. आणि लोकांनी वेड्यांची कैवारी म्हणून निवड केली ती त्या मारेकऱ्याने मारलेल्या मुलीची. ज्यांच्यापासून आपल्याला भय आहे त्यांच्यासाठीच मध्यस्थी करणारी संत शोधण्याची ही बुद्धी त्या साध्या शेतकऱ्यांना कोठून सुचली असेल?

तिच्या नावाच्या चर्चचे बांधकाम १३४९ साली सुरू झाले. दूरदूरचे लोक आपल्या मनोरुग्ण नातलगांना घेऊन तेथे यात्रेला येऊ लागले. चर्चला लागून रुग्णांसाठी एक जागा होती; तेथे नऊ दिवसांची नोव्हेना चाले. नऊ दिवसांत जे बरे होत नसत, आणि बहुतेक होत नसतच, त्यांना घेऊन नातेवाईक जाणार कोठे? चर्चमधली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा आसपासच्या कुटुंबांनी त्यांना घरात ठेवून घेतले. महिने गेले, वर्षे गेली, शतके गेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत धार्मिक व्यवस्था मोडली, तरी घरे उघडी राहिली. १८५० मध्ये बेल्जियमच्या शासनाने या पद्धतीची वैद्यकीय देखरेख आपल्याकडे घेतली आणि १८६२ मध्ये रुग्णालय उभे राहिले. १९३८ साली गेलच्या घराघरांतून ३७०० हून अधिक मनोरुग्ण राहत होते. त्यांना रुग्ण म्हणत नसत. घरी जेवूनखाऊन राहणारा पाहुणा अशा अर्थाचा एक साधा शब्द त्यांच्यासाठी होता, तोच आजही आहे. कुटुंबाला आजाराचे नाव सांगितलेच पाहिजे असा दंडक नसे. हा रात्री बडबडतो, याला गर्दी सोसत नाही, हिला मुले आवडतात, एवढे कळले की शेतकऱ्याच्या बायकोला पुरे होई. पुष्कळजण एकाच घरात पन्नास पन्नास वर्षे राहिले. आईबाप वारले तर मुलाने आपल्या वाट्याला आलेल्या शेताबरोबर तो पाहुणाही सांभाळला.

या गावाचे चित्र आम्हांला गोड करून रंगवायचे नाही. शेतावर कामाला हात मिळत, शासनाकडून थोडे पैसे मिळत; निव्वळ परोपकार यात कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकात जे वैद्य गेल पाहून गेले त्यांनी पळून जाणाऱ्यांच्या पायांतल्या बेड्याही पाहिल्या. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या वडिलांनी १८८० च्या सुमारास त्याला गेलला ठेवण्याचा विचार केला होता आणि व्हिन्सेंटने तो हाणून पाडला, कारण कितीही भले गाव असले तरी माणसाला स्वतःच्या संमतीविना पाठवून देणे त्याला जाचतेच. अलीकडच्या काळात शेती आक्रसली, स्त्रिया नोकरीला जाऊ लागल्या, औषधांमुळे अनेकजण स्वतंत्र राहू शकू लागले, आणि पाहुण्यांची संख्या झपाट्याने उतरली. तरी ती परंपरा तुटलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने वारसाजतनाच्या उत्तम पद्धतींच्या नोंदवहीत गेलचे नाव घातले.

गेलमध्ये जे घडले त्याचा आम्ही लावलेला अर्थ असा आहे. तेथल्या कुटुंबांनी बरे करण्याचे ओझे घेतलेच नाही. नोव्हेना संपल्या, चमत्कार झाला नाही, आणि मग त्यांनी विचारले असेल, ठीक आहे, रात्री हा झोपणार कोठे? आपली ख्रिस्ती दया बहुधा येथेच थबकते. आपण आजाऱ्याला भेटतो ते तो बरा व्हावा म्हणून. बरा होण्याचे चिन्ह नसेल तर आपले पाऊल जड होते. पाय मोडलेला माणूस तीन महिन्यांत चालू लागतो आणि आपल्या प्रार्थनेला फळ आल्याचे समाधान आपल्याला लाभते. स्किझोफ्रेनिया बहुतेकांना असे समाधान देत नाही. औषधांनी पुष्कळांना चांगला आराम पडतो, काहीजण नोकरी करतात, संसार करतात. परंतु अनेकांच्या बाबतीत आजार दबा धरून राहतो आणि औषध सुटले की पुन्हा उठतो. ज्याच्या बरे होण्याची हमी नाही त्याच्याबरोबर राहणे, एवढेच मागणे येथे आहे, आणि ते फार कठीण मागणे आहे.

'परंतु आमची कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, आम्हांला परक्या गावाचे धडे कशाला?' असे कोणी म्हणेल. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. भारतातून त्यात आग्रा होते. विकसनशील देशांतल्या रुग्णांची पुढची वाटचाल पाश्चात्यांपेक्षा बरी दिसली, आणि त्याचे श्रेय आपल्याकडच्या घराला देण्याची तेव्हापासून प्रथाच पडली. त्या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. वाद बाजूला ठेवले तरी, ज्या घराला ते श्रेय मिळाले ते घर आता आहे कोठे? त्या घरात आजी होती, न परणलेला काका होता, वाडीत पाणी शिंपण्याचे, पाने खुडण्याचे, ज्याला घाई नाही असे काम होते. आजचे घर दोन खोल्यांचे आहे आणि दोघेही साडेसातची लोकल पकडतात. शिवाय लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते किंवा ज्याच्यावर घरचे अहोरात्र चिंतेने पाखर घालून बसतात, तेथे आजार पुन्हा उलटण्याचा संभव वाढतो. हे वाचून आईबापांना आणखी एक दोष देण्याचा मोह होईल, तो आवरावा. दमलेले माणूस टीका करतेच. चोवीस तास एकट्याने पाहायला लागलेली आई चिडू नये असे वाटत असेल, तर तिला आठवड्यातून चार तास कोणी मोकळे केले पाहिजे. ते चार तास शेजाऱ्याजवळ असतात, डॉक्टरजवळ नसतात.

लिझ्यूच्या संत तेरेजाची प्रतिमा आपल्या किती घरांत आहे! तिचे वडील लुई मार्टिन यांना उतारवयात मेंदूच्या विकाराने भ्रम होऊ लागले, ते घरातून निघून जाऊ लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि तेथे ते तीन वर्षे होते. मुली एकामागून एक मठात गेल्या म्हणून बापाची ही दशा झाली, असे गावात बोलले गेले. तेरेजा तेव्हा मठात नवखी होती आणि ते बोल तिच्यापर्यंत पोहोचत होते. वडिलांची ती अवस्था हे आपल्या आयुष्यातले अतिशय मोठे दुःख असल्याचे तिने लिहून ठेवले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये पत्नी झेली यांच्यासह लुई मार्टिन यांना संतपद घोषित झाले. मनोरुग्णालयात राहिलेला एक पिता आज वेदीवर आहे. ग्रानादाचे संत जॉन ऑफ गॉड यांनाही प्रवचन ऐकून बेभान झाल्यामुळे वेड्यांच्या कोठडीत टाकले होते आणि त्या काळच्या उपचारांप्रमाणे फटके मारले होते. तेथून बाहेर आल्यावर त्यांनी आजाऱ्यांसाठी स्वतःचे रुग्णालय काढले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ चा जागतिक रुग्णदिन मनोरुग्णांच्या प्रश्नाला वाहिला होता. ख्रिस्तसभेच्या स्मृतीत हे सर्व आहे. आपल्या चर्चच्या आवारात मात्र ते अजून उतरायचे आहे.

काही अप्रिय गोष्टीही बोलल्या पाहिजेत. पहिली प्रार्थनेविषयी. प्रार्थनेचे सामर्थ्य आम्ही मानतो. परंतु एखाद्या प्रार्थनासभेत कोणी उत्साहाच्या भरात रुग्णाला गोळ्या थांबवून श्रद्धा ठेवण्यास सांगत असेल, तर तो श्रद्धेच्या नावाने त्याच्या जिवाशी खेळतो. मधुमेह्याचे इन्सुलिन कोणी असे बंद करील काय? तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. धर्मस्थळ वेगळे होते म्हणून आपण सुस्कारा टाकण्याचे कारण नाही. दैवी उपायाच्या आशेने आणून सोडलेली आणि मग विसरलेली ती माणसे होती.

दुसरी गोष्ट विवाहाविषयी. 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला आपल्याकडे वडीलधारी मंडळी आजही देतात, आणि आजार लपवून लग्न उरकतात. परक्याच्या मुलीला न सांगता तिच्या पदरात ही जबाबदारी टाकणे हे असत्य आहे आणि तिच्यावर अन्याय आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे जो मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्ये पत्करण्यास असमर्थ आहे, त्याची संमती वैध ठरत नाही. सहजीवनाला गंभीर बाधा आणणारी एखादी गोष्ट जाणूनबुजून लपवून मिळवलेली संमतीही ठरत नाही. याचा अर्थ मनोरुग्णाने विवाह करू नये असा मुळीच नाही. औषधोपचाराने स्थिर असलेला माणूस आणि सर्व जाणून होकार देणारी व्यक्ती यांचा संसार उत्तम होऊ शकतो. सांगणे मात्र सुटत नाही. आणि सांगण्याची हिंमत आईबापांना केव्हा होईल? सांगितल्यावर उरलेल्या बहिणीचे लग्न मोडणार नाही अशी खात्री आपण सर्वांनी दिली तर. लपवणाऱ्यांचे खोटे आणि आपली कुजबुज यांचा असा संबंध आहे.

तिसरी गोष्ट लिहिताना हात थरथरतो. आपल्यातल्या काहींनी आजाराच्या अंधारात स्वतःचे जीवन संपवले आहे. १९१७ च्या संहितेने हेतुपूर्वक आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ते कलम राहिले नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मनोविकारामुळे त्या कृत्याची जबाबदारी कमी होते हे स्पष्ट करून अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे शिकवले. नियम बदलून चाळीस वर्षे झाली. तरी अशा घरातल्या मयताला गर्दी विरळ असते, आणि महिन्याच्या मिस्साचे बोलावणे वाचून माणसे कागद घडी करून ठेवतात. देशाचा कायदाही या बाबतीत आपल्यापुढे गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे २०१८ पासून अंमलात आला, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास हा कायदा मनाई करतो. समाजात राहण्याचा हक्क तो मनोरुग्णाला देतो. केवळ कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही म्हणून कोणाला इस्पितळात डांबून ठेवता येणार नाही असे सांगतो. हा हक्क वाचावयास फार चांगला आहे. मात्र 'समाजात' म्हणजे कोठे, हे कायद्याला लिहिता आले नाही. ते तुमच्याआमच्या वाडीत, आमच्या गल्लीत, आमच्या चर्चच्या बाकावर आहे.

भीतीचे काय, असे आम्हांला विचारले जाते. तो हिंसक झाला तर? क्वचित तसे होते, विशेषतः औषध सुटलेले असताना किंवा दारूची जोड असताना, आणि तेव्हा डॉक्टर आणि प्रसंगी पोलीसही बोलवावे लागतात. धर्मग्रामाने डॉक्टर होऊ नये. गेलच्या प्रत्येक कुटुंबामागेही रुग्णालय आणि परिचारिका उभ्या असतात. परंतु बहुसंख्य मनोरुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. उलट तेच इतरांच्या चेष्टेला, मारहाणीला, फसवणुकीला अधिक बळी पडतात. वाडीतल्या पोरांनी कोणाच्या मागे दगड घेऊन धावल्याचे ज्यांना आठवते, त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही.

त्या घराकडे परत येतो. मुलाचे वडील वारले. मयताच्या दिवशी सर्वांच्या मनात एकच काळजी होती, तो आला तर काय करील? तो आला. स्वच्छ सदरा घालून आला, आईचा हात धरून कबरीपाशी उभा राहिला, पवित्र पाणी शिंपडले, मूठभर माती टाकली आणि मागे सरून, गर्दीला कंटाळल्यासारखा, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सहा वर्षांनी आम्ही त्याला पाहत होतो. केस पांढरे होऊ लागले होते, वय तिशीच्या आतच. त्या संध्याकाळी आमच्यातले काहीजण प्रथमच त्या घरी गेले. आईने चहा केला. आम्ही ओशाळून काहीबाही बोललो. ती म्हणाली, 'त्याच्या आजाराची मला भीती नाही वाटत, भाऊ. मला माझ्या मरणाची भीती वाटते. माझ्यामागे याला कोण विचारणार?'

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. जे जमले ते किरकोळ आहे. महिन्यातून दोनदा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात त्याच्यासोबत कोणी तरी जाते. औषधे तेथे मोफत मिळतात, पण रांगेत चार तास जातात आणि आईचे गुडघे आता चालत नाहीत. मानसिक आजाराचा समावेश २०१६ च्या दिव्यांगत्वाच्या कायद्यात आहे, हे आम्हांला एका निवृत्त शिक्षकाने सांगितले, आणि प्रमाणपत्राच्या खेपाही त्यांनीच घातल्या. शनिवारी दुपारी एक जोडपे त्याच्याजवळ बसते आणि आई बाजारात किंवा बहिणीकडे जाऊन येते. पहिल्या शनिवारी ती कोठेच गेली नाही. आवाराबाहेर बावखलाच्या काठावर दोन तास नुसती बसून राहिली. तो बागेला पाणी घालतो, कधी बोलतो, कधी खोलीचे दार लावून घेतो. एकदा त्याने त्या जोडप्याला शिव्या देऊन हाकलले. पुढच्या शनिवारी ती दोघे पुन्हा गेली. रविवारी तो पुन्हा शेवटच्या बाकावर येतो. मध्येच उठून बाहेर जातो तेव्हा एकजण त्याच्यामागे जाऊन पिंपळाखाली बसतो. आईच्या मरणानंतर काय, यावर दोन कुटुंबांशी बोलणे चालले आहे. त्यांतल्या एकाने विचार करण्यास वेळ मागितला आहे आणि तो मागणे योग्यच आहे.

रुग्णालयाच्या वाऱ्यांची यादी चर्चच्या कार्यालयात लावली आहे. जो गृहस्थ नेहमी जातो तो मे महिन्यात मुलीकडे कुवेतला चालला आहे. त्या महिन्याच्या दोन्ही वाऱ्यांसमोर अद्याप कोणाचे नाव पडलेले नाही.